गादी, पकड आणि बेस

हेडफोन कानावर चढत नाही तोवर तो अर्धाच तयार झालेला असतो. उरलेला अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या डोक्याचा: कानशिलाचा उतार, जबड्याचं हाड, कानामागचा खळगा, केस, चष्म्याच्या काड्या. क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपाची पाठ बंद असलेल्या हेडफोनच्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः खरं आहे. म्हणूनच रिव्ह्यूमध्ये ‘आवाज’ आणि ‘आराम’ असे दोन रकाने करून दोन वेगळे गुण दिलेले दिसले की मला खटकतं. बॅगेत टाकून न्यायच्या, बंद पाठीच्या हेडफोनमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. कपाच्या कडेची जी गादी कानाला टोचते किंवा सुखावते, तीच गादी बेस, म्हणजे खालचे सूर, किती ऐकू येणार हेही ठरवते. जी पकड तासाभराने कानशिलं ठणकवते, तिच्याच जोरावर ती गादी गालाला चिकटून राहिलेली असते.

याचं कारण फार सुंदर आहे. माणसाला ऐकू येणाऱ्या अगदी खालच्या टोकाच्या, २० हर्ट्झच्या आवाजाची लहर हवेत जवळजवळ १७ मीटर लांब असते. असा आवाज खोलीभर भरायचा तर मोठाले स्पीकर लागतात. मग हेडफोनमधला जेमतेम ४० मिलिमीटर व्यासाचा पातळ पडदा तो कसा काय काढतो? त्याला खोली भरायचीच नसते. पडदा, गादी आणि गाल यांच्यामध्ये कोंडलेली मूठभर हवा, तेवढीच तो दाबतो आणि सोडतो. ही जागा नीट बंद असेल तर पडदा जितका सरकेल तितका दाब कानाच्या नळीपर्यंत पोचतो, अगदी खालच्या सुरांनाही. पण कुठे फट राहिली की हवा तिथून निसटते. खालच्या सुरात पडदा सावकाश हलतो, त्यामुळे हवेला निसटायला भरपूर सवड मिळते. वरच्या सुरांत ती सवड नसते. म्हणून फट पडली की सगळा आवाज सारखा कमी होत नाही. खालचा मजला तेवढा जातो आणि उरलेलं गाणं किरटं वाटायला लागतं.

मला चष्मा आहे, केस लांब आहेत आणि कानात बारीक टॉप्स असतात. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना यातलं काहीच नसावं अशी मला दाट शंका आहे, कारण हे तिन्ही विषय तिथे क्वचितच निघतात. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे तिच्या वर आणि खाली, दोन्हीकडे, एक चिंचोळी फट राहते. करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. डबल बास किंवा डग्गा ठळक असलेलं काहीतरी लावावं, चष्म्यासकट मिनिटभर ऐकावं. मग हेडफोन न काढता काड्या हळूच वर उचलून गादीच्या बाहेर काढाव्यात. गादी जाड आणि मऊ असेल तर फरक थोडासाच पडतो, कारण तिने काडीला स्वतःत रुतवून घेतलेलं असतं. गादी पातळ आणि कडक असेल तर डग्गा एकदम भरून येतो, आणि इतका वेळ आपण काय ऐकत होतो असा प्रश्न पडतो. केसांची बट गादीखाली आली तरी हेच होतं. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे जो खोलगट भाग असतो, तिथे तर चष्मा नसलेल्यांचीही गादी बरेचदा टेकत नाही. गाणं चालू असताना तोंड उघडून बंद करून पाहा. बेस कमी-जास्त होत असेल तर गळती तिथेच आहे.

दुसरी एक साधी चाचणी आहे. दोन्ही कपांवर तळहात ठेवून अगदी हलकेच दाबायचं. बेस वाढला नाही तर गादी बसली आहे. वाढला तर गादी, पकड किंवा आपल्या डोक्याचा आकार, यांतलं काहीतरी एकमेकांशी जुळत नाही. जोरात मात्र दाबू नये, कारण मग गादी चेपून पडदाच कानाजवळ येतो आणि वेगळंच काहीतरी ऐकू येतं.

बंद पाठीचे हेडफोन हेच फिरतीचे हेडफोन असं आज आपण धरून चालतो. नेहमी तसं नव्हतं. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन आणला, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा, आणि तो प्रचंड खपला. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला तेव्हा त्याच्याबरोबरचे हलके हेडफोनही फोमच्या पातळ चकत्यांचे, उघडेच होते. ते डोक्यावर असल्याचं जाणवायचंही नाही, पण बाहेरचा सगळा गलका आत यायचा आणि आतलं गाणं शेजाऱ्याला ऐकू जायचं. बंद कप आला की हे दोन्ही थांबतं. त्याची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, कानाला वारा लागत नाही. दोन, पडद्याच्या मागच्या बाजूचा आवाज कपातच अडकतो.

या दुसऱ्या गोष्टीवर थोडं रेंगाळावंसं वाटतं, कारण बंद हेडफोनचा खरा कस तिथेच लागतो. पडदा पुढे जेवढा आवाज फेकतो तेवढाच मागेही फेकतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तो मागच्या जाळीतून निघून जातो. बंद कपात तो प्लॅस्टिकच्या भिंतीवर आपटून परत पडद्यावरच येतो, थोडा उशिरा, थोडा बदलून. फिरतीच्या हेडफोनचा कप लहान आणि उथळ, त्यामुळे भिंती जवळ. बनवणारे आत फेल्ट घालतात, फोमचा तुकडा बसवतात, हवेला जायला सुईच्या टोकाएवढी छिद्रं ठेवतात, भिंती एकमेकींना समांतर येणार नाहीत असा आकार देतात. हे जिथे जमत नाही तिथे सगळ्या आवाजांवर एक घुमणारा थर चढतो. पुरुषी आवाज छातीतून आल्याऐवजी डब्यातून आल्यासारखा वाटतो.

हे ओळखायला माझ्याकडे तंबोऱ्याची एक साधी ध्वनिफीत आहे. दुसरं काही नाही, नुसता चार तारांचा तंबोरा. खर्जाची तार छेडली की आधी तिचा मूळ सूर येतो आणि मग जवारीमुळे, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घडणीमुळे, वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. चांगल्या हेडफोनवर हे उमलणं मोजता येईल इतकं स्पष्ट ऐकू येतं: कोणता स्वर कधी वर आला, कधी विरला. ज्या हेडफोनचा कप घुमतो, त्यावर खर्ज फुगतो आणि त्या फुगवट्याखाली उमलणं झाकलं जातं. ज्याच्या पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात टोक काढलेलं असतं, म्हणजे तिथला आवाज वर उचललेला असतो, त्यावर तोच तंबोरा पहिल्या मिनिटाला फार चमकदार वाटतो, ‘काय तपशील आहे!’ असं वाटायला लावतो, आणि दहाव्या मिनिटाला कान शिणवतो. डग्ग्याचंही तसंच. कातड्यावर मनगट सरकवलं की सूर खालून वर चढत जातो. बेस नुसता वाढवून ठेवलेल्या हेडफोनवर फक्त ‘धम्’ ऐकू येतो, चढ ऐकू येत नाही. बेस पुष्कळ असणं आणि बेस सुरात असणं यांत किती अंतर आहे ते तिथे कळतं.

आता प्रत्यक्ष हेडफोनांकडे येते. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ सालापासूनचा गडी. केबल सोडून वजन १४० ग्रॅम. कप कानाभोवती बसत नाही, कानावर टेकतो. हेडबँड मधोमध दोन पट्ट्यांत उघडतो, एक कप कानामागे फिरवता येतो, आणि जवळजवळ प्रत्येक भाग सुटा काढून बदलता येतो. डीजे आणि ध्वनिमुद्रण करणारे लोक त्याला का सोडत नाहीत हे डोक्यावर घातल्याबरोबर कळतं: पकड घट्ट, बाहेरचा आवाज बाहेर, डग्गा ठोस. पण याच पकडीमुळे कानाची कूर्चा डोक्याशी दाबली जाते, आणि मध्ये चष्म्याची काडी असेल तर कान दोन कडक गोष्टींमध्ये सापडतो. माझ्या कानांना तो फार वेळ सोसत नाही. हेडबँडच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर केल्या की दाब थोडा कमी होतो, पण मग बेसही थोडा हलतो. आराम आणि आवाज यांचा सौदा इतक्या उघडपणे दुसरा कुठलाच हेडफोन दाखवत नाही, आणि म्हणून मला तो फार आवडतो.

सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१चा. ४० मिलिमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे पडदे, गुंडाळी केबल, निळी पट्टी. याचा कप कानाभोवती बसतो आणि पकड सौम्य आहे. वजन साधारण २३० ग्रॅम, म्हणजे एचडी २५पेक्षा बरंच जास्त, तरी डोक्यावर तो हलका वाटतो. वजनाचा आकडा एकटाच वाचून काही उपयोग नाही तो असा. याची गादी मात्र पातळ आहे. आतली जागा उथळ असल्यामुळे ज्यांचे कान डोक्यापासून थोडे पुढे आलेले असतात, त्यांच्या कानाचं टोक आतल्या कापडाला टेकतं. आधी ते जाणवत नाही, अर्ध्या तासाने तिथेच सगळं लक्ष जातं. आवाजाचं म्हणाल तर बोलणं ऐकण्यासाठी हा फार प्रामाणिक. ‘स’ आणि ‘श’ थोडे पुढे काढून दाखवतो. संपादन करणाऱ्याला ते हवंच असतं, संध्याकाळी निवांत गाणं ऐकणाऱ्याला कदाचित नको असेल.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० घडी होत नाही, त्यामुळे त्याला फिरतीचा म्हणणं ताणल्यासारखं होईल. पण गादीचा विचार करताना त्याला वगळता येत नाही. त्याच्या नेहमीच्या गाद्या मखमली कापडाच्या. कान गोल, प्रशस्त जागेत मोकळा बसतो आणि घाम टिपला जातो. बंद पाठीचा हेडफोन तासन् तास घालायचा असेल तर मखमलीला तोड नाही असं माझं मत आहे. पण कापडातून हवा जाते. म्हणून कृत्रिम चामड्याच्या गाद्यांसाठी घडवलेल्या हेडफोनवर नुसत्या आरामासाठी मखमली गाद्या चढवल्या तर बेस पातळ होण्याची दाट शक्यता असते. बायरडायनॅमिकने तो आवाज मखमल गृहीत धरून बसवला आहे. गादी हा हेडफोनचा कपडा नसून वाद्याचाच भाग आहे हे यावरून पटावं.

एचडी २५पेक्षा कितीतरी जड असे हेडफोन हल्ली रोज वापरात आहेत. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्सचं पहिलं मॉडेल, २०२० सालचं, जवळजवळ ३८५ ग्रॅमचं. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा. दोघांचे डाव वेगळे आहेत: एकाने डोक्यावर ताणलेली जाळी देऊन वजन पसरवलं, दुसऱ्याने वजनच कमी ठेवलं. वजन जास्त झालं की हेडफोन दोनच गोष्टी करू शकतो. एकतर टाळूवर टेकतो, आणि मग टाळूच्या मधोमध एक दुखरा बिंदू तयार होतो. नाहीतर पकड वाढवून गालांवर तोलतो, आणि मग कानशिलं बोलायला लागतात. मान खाली घालून वाचायची सवय असेल तर जड हेडफोन पुढे सरकतो, आणि तो अर्धा सेंटिमीटर सरकला तरी वरचे सूर बदलतात, कारण पडद्यातून निघालेला आवाज कानाच्या पाळीच्या वळणांवर वेगळ्या कोनातून पडतो. वाचताना आणि चालताना एकच हेडफोन निराळा वाटला तर तो भास नसतो.

नॉइज कॅन्सलिंगबद्दल, म्हणजे बाहेरचा आवाज उलट्या आवाजाने पुसून टाकण्याबद्दल, थोडक्यात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने ‘आवाजाविरुद्ध आवाज’ या तत्त्वाच्या अमेरिकन पेटंटसाठी १९३४ साली अर्ज केला होता. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ साली विमानात बसलेले असताना हेडफोनमध्ये ती वापरायची सुचली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ साली विक्रीला आला आणि प्रवाशांसाठीचा हेडफोन २००० साली. इंजिनाची घरघर, पंख्याचं गुणगुणणं अशा खालच्या, सलग आवाजांवर ही युक्ती उत्तम चालते. वरच्या आवाजांना, म्हणजे शेजारच्या बोलण्याला, भांड्यांच्या खणखणाटाला, अजूनही गादी आणि कपच अडवतात. म्हणजे इथेही गादीची सुटका नाही. एक फायदा मात्र मोठा: यांतले बरेच हेडफोन कपातल्या माइकवरून आत काय चाललंय ते ऐकतात आणि गळती झाली तर बेस भरून काढतात. चष्मेवाल्यांसाठी हे वरदानच आहे. काहींना नॉइज कॅन्सलिंग सुरू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटतं. ज्यांना वाटतं त्यांना ते खरंच वाटतं, त्यांच्याशी वाद घालू नये.

बाहेरचा आवाज अडवण्याला मी इतकं महत्त्व देते ते केवळ चैनीसाठी नाही. बाहेर गलका असला की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचं तर पातळी ८० डेसिबलच्या आत असावी. ९० डेसिबलला हीच मुदत ४ तासांवर येते. दहा डेसिबलने दहावा हिस्सा. नीट बसलेली गादी तेवढा आवाज सहज अडवते, निदान वरच्या पट्ट्यांत. ऐकण्याची आवड असलेल्या माणसाने याकडे दुर्लक्ष करावं हे मला समजत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या परत येत नाहीत.

दोन हेडफोनांची तुलना करायची तर आधी त्यांचा आवाज एका पातळीवर आणावा लागतो. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘स्वच्छ’, ‘भरदार’ म्हणून कळतो. एकाच फोनवर एकाच खुणेला आवाज ठेवून दोन हेडफोन बदलले तर जो जास्त संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच विजेवर मोठा वाजणारा, असेल तो जिंकतो, आणि त्यात त्याचा काहीही पराक्रम नसतो. मी एकट्या माणसाच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण लावते आणि तो माणूस दोन्हींवर सारख्याच अंतरावर बसल्यासारखा वाटेपर्यंत आवाज जुळवते. मग छोटे छोटे तुकडे, पटापट आलटून पालटून, कारण आवाजाच्या पोताची स्मृती काही सेकंदांतच विरायला लागते. आरामाची परीक्षा मात्र नेमकी उलटी: तिला घाई चालत नाही. फोमची गादी अंगाच्या उबेने मऊ होऊन आकार घ्यायलाच वेळ लागतो, आणि टाळूवरचा दुखरा बिंदू विसाव्या मिनिटापर्यंत तोंडही उघडत नाही. ज्यांनी दुकानात उभ्या उभ्या हेडफोन निवडला, त्यांनी फक्त आवाज निवडला.

या गुंत्यातून संशोधकांचीही सुटका झालेली नाही. हर्मन या ध्वनी उपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना कुठल्या हेडफोनचा आवाज आवडतो यावर वर्षानुवर्षं काम केलं. हेडफोन बदलला की त्याचा स्पर्श, वजन, पकड यांवरून ऐकणारा तो ओळखतो आणि मत त्यावरून बनवतो, ही त्यांची पहिली अडचण. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार हुशारीचा वाटतो: सगळ्यांच्या डोक्यावर एकच हेडफोन ठेवायचा आणि बाकीच्या हेडफोनांचा आवाज इक्वलायझरने, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करून, त्यावर उभा करायचा. तेव्हा दिसलं की बहुतेकांना चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा समतोल आवाज आवडतो. आणि २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतीशी ताडून पाहिली, तेव्हा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठला सूर किती मोठा वाजतो ते, आणि किंमत यांत काहीच संबंध निघाला नाही. मला यात आनंदच वाटतो. आवाज इक्वलायझरने पुष्कळ सुधारता येतो. कानाला टेकणारं कापड, उथळ कप, टाळूवरचा बिंदू यांवर कुठलाही इक्वलायझर चालत नाही. म्हणून दोघांत एक निवडायची वेळ आली तर मी बसणारा हेडफोन निवडते आणि आवाज नंतर जुळवते.

आणि बसणारा हेडफोनही तसाच राहत नाही. कृत्रिम चामड्याच्या गाद्या घाम आणि दमटपणाने सुटायला लागतात, आधी सुरकुत्या, मग मानेवर काळे कण. आतला फोम चेपतो, पडदा कानाच्या जवळ येतो, कडेची पकड सैलावते. हे इतकं हळूहळू होतं की आवाज बदलल्याचं लक्षातच येत नाही. एका बाजूची जुनी गादी ठेवून दुसऱ्या बाजूला नवी चढवली आणि दोन्ही कानांत एकच सूर वाजवला की फरक लख्ख समोर येतो. नवे हेडफोन वाजवून वाजवून ‘मुरवावे’ लागतात असं जे म्हणतात, त्यातला बराचसा भाग माझ्या मते गादी मऊ होण्याचा आणि आपल्या कानाला सवय होण्याचा आहे.

हेडफोनच्या खोक्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असं ठळक छापलेलं असतं. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वर-खाली होतो हे सांगितलेलं नसेल तर त्या आकड्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी मला तिथे पकडीचा जोर न्यूटनमध्ये छापलेला हवा आहे. गादीच्या आतल्या भोकाची लांबी, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये हवी आहे. गादी सुटी मिळते का, आणि कुठल्याही हत्याराशिवाय बदलता येते का, हे हवं आहे. आणि बेसचे दोन आलेख शेजारी शेजारी हवेत, एक उघड्या डोक्यावरचा आणि एक चष्म्यासकटचा. यांतलं एकही मोजायला अवघड नाही.